सांगली: लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी घरी पीसी जोडायचाय, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यावं?

कृष्णाकाठ_फ्रेम्स

नमस्कार मंडळी. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो, सगळं काम प्रीमियर प्रोवर. कॅमेरा सोनीचा, फुटेज ४के आणि १०-बिट. अधूनमधून ब्लेंडरमध्ये टायटल आणि स्टेजची थ्रीडी दृश्यं करतो.

सध्याच्या पीसीत आय५-९४००एफ, जीटीएक्स १६५०, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. बाहेर ६०० व्हीएचा यूपीएस. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज टाइमलाइनवर एकावर एक ठेवलं की प्लेबॅक अडखळतो, प्रॉक्सी (फुटेजची हलकी प्रत) बनवल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

बजेट ९० हजारांच्या आसपास. मॉनिटर, हार्डडिस्क, कीबोर्ड जुनेच वापरणार. इथल्या एका दुकानातून कोटेशन आणलंय: आय७-१२७००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). हे घ्यावं का? जुनी रॅम वापरता येईल का, की आता डीडीआर५ लाच जावं? मार्केट यार्डाजवळ राहतो, हळदीच्या हंगामात बारीक धूळ सगळीकडे बसते, खोलीत एसी नाही आणि लाईट जाऊन-येऊन असते. तेही लक्षात घेऊन सांगा. स्वतः जोडणार आहे.

मिरज_जंक्शन

कोटेशन घेऊ नका. पैसे गेलेत प्रोसेसरच्या नावावर, आणि तुमचं काम अडतंय दुसरीकडेच.

१२७००एफ हा प्रोसेसर म्हणून उत्तमच आहे. १२ कोअर आहेत, पण टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, तो १८० वॅटपर्यंत वीज घेतो. एच६१० च्या स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाला, बहुतेक वेळा हीटसिंकच नसतं. एक्सपोर्ट लावला की सुरुवातीला वेग छान मिळतो, मग व्हीआरएम तापतो, बोर्ड प्रोसेसरची वीज कापतो आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली येतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमानच चाळिशीला टेकलेलं असतं, तेव्हा हे आणखी लवकर होणार. आय७ चे पैसे भरून आय५ चा वेग घ्यायचा, असा तो प्रकार. शिवाय एच६१० वर रॅमला दोनच जागा, आणि एनव्हीएमई चिपसेटमार्फत पीसीआयई ३.० वर (कार्ड आणि एसएसडीच्या जोडणीच्या जुन्या, हळू पिढीवर) चालते. प्रोसेसरकडे एसएसडीसाठी स्वतःच्या चार ४.० लेन असतात, त्या हा चिपसेट वापरूच देत नाही.

आता ३०५०. याच नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीचं मूळ कार्ड: २५६० कोअर, १२८-बिट मेमरी, २२४ जीबी प्रति सेकंद, १३० वॅट. ६ जीबीचं: २३०४ कोअर, ९६-बिट, १६८ जीबी प्रति सेकंद, ७० वॅट, वेगळी पॉवर केबलसुद्धा लागत नाही. फक्त दोन जीबी कमी आहेत असं समजून लोक घेतात, पण चिपच छाटलेली आहे. एसएमपीएस न बदलता जुन्या ऑफिस पीसीत बसवायला ते ठीक. तुमच्यासाठी नाही.

पण काही घेण्याआधी एक काम करा. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि कॅमेऱ्यातली एक मूळ क्लिप त्यात उघडा. व्हिडिओच्या भागात दोन ओळी बघायच्या: फॉरमॅट (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) एव्हीसी आहे की एचईव्हीसी, आणि क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती किती ठेवलीय, ४:२:० आहे की ४:२:२ (यात जास्त). कार्ड कोणतं, बोर्ड कोणता, हे बरंचसं या दोन ओळींवर ठरेल. कारण असं:

१०-बिट ४:२:२ फुटेज तुमचं जीटीएक्स १६५० हार्डवेअरवर उलगडू शकत नाही. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेलाही ते जमत नाही, मग कार्ड कितीही महाग असो. सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि तुमच्या ९४००एफचे सहा कोअर तिथेच दमतात. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या अंगभूत ग्राफिक्सला एचईव्हीसी ४:२:२ जमतं. पण नावात ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे दुकानदारांनी दिलेल्या १२७००एफ मध्ये नेमकी तुमच्या उपयोगाची गोष्टच नाही.

अजिंक्यतारा

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एक वेगळा पर्याय मांडतो.

एलजीए१७०० हा इंटेलचा सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) १४व्या पिढीपाशी संपला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने एलजीए१८५१ आणला. म्हणजे आज एलजीए१७०० चा बी७६० बोर्ड घेतलात तर पुढे बोर्ड तोच ठेवून नव्या पिढीचा प्रोसेसर टाकता येणार नाही. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ चा, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं कंपनीने जाहीर केलंय. रायझन ५ ७६०० घ्या, बी६५० बोर्ड घ्या, तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदला. ७६०० ची वीजही बेताची, मूळ सेटिंगवर ८८ वॅटच्या वर जात नाही. एसी नसलेल्या खोलीत हा मोठा फायदा आहे.

अडचणी दोन. पहिली, एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, त्यामुळे तुमची जुनी रॅम बाद. दुसरी, रायझनच्या अंगभूत ग्राफिक्सला ४:२:२ उलगडता येत नाही, त्यामुळे ते काम कार्डानेच करायला हवं. आरटीएक्स ५० मालिकेतली कार्डं ते करतात, एव्हीसी आणि एचईव्हीसी दोन्हींचं. प्रीमियरच्या २०२५ मधल्या आवृत्त्यांपासून त्याला आधार आहे. जुनी आवृत्ती वापरत असाल तर कार्ड बदलूनही फरक दिसणार नाही, आधी प्रीमियर अपडेट करा.

एएम५ घेतलात तर हे लक्षात ठेवा: पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो. पीसी मेला समजून मध्येच बटण दाबून बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कृष्णाकाठ_फ्रेम्स

दोघांचे आभार. मीडियाइन्फोत बघितलं: फॉरमॅट एव्हीसी, क्रोमा ४:२:२, बिट डेप्थ १०. कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस लावलेलं आहे. ड्रोन आणि मोबाइलचं फुटेज एचईव्हीसी ४:२:० दाखवतंय.

म्हणजे इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स उपयोगी पडणार की नाही? आणि कार्ड ८ जीबीचं पुरेल की १६ च घ्यावं? जुन्या आरटीएक्स ३०६० १२ जीबीबद्दलही एकाने सुचवलंय, पुण्यातून सेकंडहँड मिळेल म्हणे.

मिरज_जंक्शन

या माहितीने बरंच सोपं झालं. एव्हीसी ४:२:२ १०-बिट तुम्ही ज्या इंटेल प्रोसेसरचा विचार करताय त्यांनाही हार्डवेअरवर जमत नाही. त्यांना फक्त एचईव्हीसीचं ४:२:२ येतं. म्हणून तुमच्यापुढे दोन वाटा. एक, कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस लावायचं, ते एचईव्हीसी असतं. पण सोनीच्या काही बॉडींमध्ये पाल मोडवर (२५/५० फ्रेमच्या) एचएस मध्ये ४के २५पी मिळत नाही, ५०पी घ्यावं लागतं. आपल्याकडच्या हॉलमधल्या दिव्यांमुळे तुम्ही पालवरच असणार, तेव्हा हे आधी तपासा. दुसरी वाट, आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड. आधीच्या दोन-तीन सीझनचं एक्सएव्हीसी एस फुटेज पडून असेल, अल्बमसोबत हायलाइट पुन्हा मागणारे लोकही असतात, म्हणून मी दुसरीच वाट धरेन.

यामुळे ३०६० आपोआप बाद. १२ जीबी, १९२-बिट, ३६० जीबी प्रति सेकंद, ब्लेंडरसाठी आजही मानाचं कार्ड आहे, पण तुमची मूळ अडचण त्याने सुटत नाही. सेकंडहँडमध्ये मायनिंगला वर्षानुवर्षं चाललेली कार्डं फिरतात, हा धोका वेगळाच.

राहिला प्रश्न ५०६० ८ जीबी की ५०६० टीआय १६ जीबी. नुसतं एडिटिंग असतं तर ५०६० पुरेसं होतं, १४५ वॅट, थंड चालतं. पण ब्लेंडर आहे. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर करणाऱ्या भागात, अख्खं दृश्य, टेक्स्चरसकट, कार्डाच्या मेमरीत मावायला लागतं. मंडप, फुलं, खुर्च्यांच्या रांगा, ४के टेक्स्चर असं सगळं भरलं की ८ जीबी लवकर संपते. मग एकतर रेंडर मेमरीच्या एररने थांबतो किंवा माहिती मुख्य रॅममध्ये सांडते आणि वेग कोसळतो. पैसे बसत असतील तर १६ घ्या. खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा, कारण ५०६० टीआय याच नावाने ८ जीबीचंही कार्ड आहे. बिलावरही ‘१६ जीबी’ लिहून घ्या.

आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी कुणीतरी सुचवेल. गेमसाठी छान आहे. सायकल्समध्ये मात्र एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करायचं त्यांचं तंत्र) एएमडीच्या पुढे आहे, आणि तुमचं ४:२:२ अडेल ते वेगळं.

अजिंक्यतारा

कार्ड ५०६० टीआय १६ ठरत असेल तर बजेटमधला मोठा वाटा तिथेच जाणार. मग बोर्डाबाबत माझं मत बदलतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढलेत, ते बघता हातातली १६ जीबी डीडीआर४ टाकून देऊ नका. बी७६० चा डीडीआर४ बोर्ड घ्या, चार रॅम स्लॉटवाला. जुन्या दोन ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. पुढे भाव उतरले की १६-१६ ची जोडी आणून ती ए२-बी२ मध्ये टाका आणि जुन्या ए१-बी१ मध्ये सरकवा, ४८ जीबी होतात. चारही मग सगळ्यात हळू रॅमच्या वेगाने चालतील, तुमच्या जुन्या बहुधा २६६६ च्या असतील. एडिटिंगला वेगापेक्षा रॅम किती आहे हे जास्त महत्त्वाचं. बोर्ड घेताना नावात ‘डी४’ आहे का बघा. एकाच मॉडेलचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन बोर्ड येतात, आणि खाच वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही.

प्रोसेसर आय५-१४४००. १० कोअर, टर्बोत १४८ वॅट. ‘एफ’ नको. मोबाइल-ड्रोनचं एचईव्हीसी त्याचं अंगभूत ग्राफिक्स सांभाळेल, आणि कधी कार्ड बिघडलं तर मदरबोर्डच्या एचडीएमआयवर डिस्प्ले येतो, काम बंद पडत नाही.

बोर्डात बघायचं ते हे. व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंना, निदान डाव्या बाजूला तरी, हीटसिंक हवं. एम.२ चे (एसएसडी बसायचे) दोन स्लॉट हवेत, एक विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, दुसरा चालू प्रोजेक्ट आणि कॅशसाठी. मॅन्युअल डाउनलोड करून बघा, काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये साटा प्रकारची (हार्डडिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी टाकली की एक साटा पोर्ट बंद होतं. जुन्या हार्डडिस्क लावणार आहात, तेव्हा ती हार्डडिस्क गेली असं वाटायला नको. आणि मागच्या बाजूला बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशचं, म्हणजे अपडेटचं, बटण असलेला बोर्ड मिळाला तर सोडू नका. बी७६० जानेवारी २०२३ चा, १४४०० जानेवारी २०२४ चा. दुकानात जुना माल असेल तर १४वी पिढी तो ओळखणार नाही आणि स्क्रीन काळी. बटण असेल तर प्रोसेसर न बसवताही बायोस अपडेट होतो: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच लावायचा, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. यूपीएसवर करा. मध्ये लाईट गेली तर बोर्ड अडकतो.

पीसीआयईची काळजी नको. ५०६० टीआय आठच लेन वापरतं, पण ४.० वर आठ लेन म्हणजे जवळपास १६ जीबी प्रति सेकंद, पुरे आहे. तेच कार्ड तुमच्या सध्याच्या बोर्डावर ३.० मुळे निम्म्यावर येईल.

फेज_न्यूट्रल

विजेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ५०६० टीआय १८० वॅट, १४४०० टर्बोत १४८, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ५०-६०. जवळपास ३९० वॅट. ४५० चा जुना एसएमपीएस कागदावर पुरतो, पण पाच-सहा वर्षं तापलेले कॅपॅसिटर आणि कार्डाचे क्षणिक झटके धरले तर नवीन ६५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ घ्या. मॉड्युलर असेल तर त्याच्या स्वतःच्याच केबल वापरा. जुन्या एसएमपीएसची केबल दिसायला तशीच असते, बसतेसुद्धा, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते. १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले की हार्डडिस्क गेलीच, आणि त्यावर लोकांची लग्नं असतात.

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. रेंडर चालू असताना लाईट गेली तर यूपीएस ओव्हरलोडने तिथल्या तिथे बंद पडेल. ११०० व्हीएच्या आसपासचा घ्या, आणि शक्य असेल तर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे मेनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे नवे एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायरीदार वेव्हवर कधी कधी बंद पडतात. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडवर बदलायला लागणारा वेळ जास्त असतो. एटीएक्सच्या मापाप्रमाणे एसएमपीएसने १६-१७ मिलिसेकंद तग धरायचा असतो, त्याहून उशीर झाला की पीसी रीस्टार्ट.

अर्थिंग बघाच. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून भिंतीवरच्या स्विचबोर्डच्या सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज आणि अर्थमध्ये मोजल्यावर जवळपास २३० यायला हवेत, ते न आल्यास अर्थिंग तुटलंय. मग कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर पत्र्यावर मेनच्या निम्मा व्होल्टेज आणून ठेवतात. हे वायरमनकडून दुरुस्त करून घ्या आणि मगच नवा पीसी लावा.

हळदीच्या धुळीसाठी: पुढे दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही, सगळी पुढच्या जाळीतून येते. ती जाळी काढून धुता येणारी हवी. हंगामात दर आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवून बसवा. पुढे सलग काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका.

कृष्णाकाठ_फ्रेम्स

ठरलं: बी७६० डीडीआर४, आय५-१४४००, ५०६० टीआय १६ जीबी, ६५० वॅट, जुनी रॅम, १ टीबी एनव्हीएमई. यूपीएस पुढच्या महिन्यात. कॅबिनेट जुनंच ठेवावं का? पुढे हार्डडिस्कचा पिंजरा आहे, पिंजऱ्यापासून मागच्या पट्ट्यांपर्यंत २६५ मिलिमीटर भरतात. ९४००एफवरचा टॉवर कूलर चांगला आहे, तोही वापरायचा विचार आहे. जोडताना कशाकडे लक्ष द्यायचं?

मिरज_जंक्शन

२६५ मध्ये दोन पंख्यांचं कार्ड बसेल. तीन पंख्यांची ३०० च्या आसपास जातात, ती नकोत. मॉडेलची लांबी कंपनीच्या पानावर बघून निदान १० मिलिमीटर मोकळे सोडा. पुढच्या पंख्यांपुढे जाळी नसेल तर मात्र कॅबिनेट बदला, धुळीचा मुद्दा वर आलाच आहे.

कूलर थेट बसणार नाही. जुन्या सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरवर होती, एलजीए१७०० ची ७८ वर. कूलरच्या कंपनीचं एलजीए१७०० किट मिळालं तरच वापरा, ओढूनताणून बसवू नका. प्रोसेसरसोबत येणारा कूलर चालेल, लांब एक्सपोर्टला आवाज करेल इतकंच.

दुकानातच बोर्डचं खोकं उघडून, सॉकेटवरचं प्लास्टिक उचलून पिनांचा मोबाइलने तिरक्या उजेडात फोटो काढा. इंटेलच्या पिना बोर्डावर असतात, एक वाकली तरी वॉरंटी नाकारतात. ते प्लास्टिक जपून ठेवा, पुढे वॉरंटीत देताना ते मागतात.

कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, ते मोजा. भोक नसलेल्या जागी एखादा राहिला तर तो बोर्डच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो आणि पीसी चालूच होत नाही. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी खोक्यावर ठेवूनच प्रोसेसर, कूलर, एक रॅम लावून अंगभूत ग्राफिक्सवर डिस्प्ले घ्या. इथेच ‘एफ’ नसल्याचा पहिला उपयोग. प्रोसेसरची ८ पिनांची केबल ४+४ अशी तुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्हींवर नाव असतं, वाचून लावा.

बायोसमध्ये गेल्यावर: कार्ड लावलं की बरेच बोर्ड अंगभूत ग्राफिक्स बंद करतात. ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय एनेबल करा. ‘सीएसएम’ बंद, ‘रीसाइझ बार’ चालू. मॉनिटरची केबल कार्डाला, मदरबोर्डला नाही. मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगला एनव्हिडिया आणि इंटेल दोन्हींवर खूण हवी.

शेवटी तपासणी, दुकानाची बदलून देण्याची मुदत असेपर्यंत. मेमटेस्ट८६ एक पूर्ण फेरी. मग ब्लेंडरचा अर्ध्या तासाचा रेंडर आणि सोबत एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून व्हीआरएमचं तापमान आणि प्रोसेसरचा क्लॉक. जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेस ‘एक्स८ ४.०’ किंवा ‘५.०’ दिसायला हवा. रिकाम्या वेळी तिथे १.१ दिसेल, तो वीज वाचवण्याचा भाग आहे. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून भार दिला की खरा आकडा येतो. भार देऊनही एक्स४ च दिसला तर कार्ड पूर्ण आत बसलेलं नाही किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये लागलंय, काढून वरच्या स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत बसवा.